प्राणवायू तुटलेले हृदय आणि ग्लुकोजचा आधार

हृदयाला रक्त पुरवणारी एखादी धमनी गुठळीने बंद झाली, की तिच्यावर विसंबून असलेल्या स्नायूचा प्राणवायू तुटतो. व्यवहारात यालाच हृदयविकाराचा झटका म्हणतात. हा स्नायू त्या क्षणी मरत नाही. काही मिनिटे ते काही तास तो तग धरून असतो आणि या अवधीत त्याला थोडीफार ऊर्जा देऊ शकेल असे मुख्य इंधन एकच उरते, ते म्हणजे ग्लुकोज. मेद जाळायला प्राणवायू लागतोच. ग्लुकोजच्या विघटनाचे पहिले टप्पे मात्र प्राणवायूशिवाय पार पडतात.

मग अशा रुग्णाला भरपूर ग्लुकोज दिले तर त्याच्या हृदयाचा स्नायू वाचेल का, हा प्रश्न ओघानेच येतो. वैद्यकशास्त्राने तो गेली साठ वर्षे पुन्हा पुन्हा तपासला आहे. प्रयोगशाळेत त्याचे उत्तर बरेच आशादायक मिळाले, रुग्णालयात तसे मिळाले नाही. आपल्याकडे छातीत दुखू लागलेल्या माणसाला ग्लुकोजचे पाणी पाजण्याची किंवा जवळच्या दवाखान्यात नेऊन ‘एक सलाईन लावा’ म्हणण्याची सवय अजून गेलेली नाही. त्यामुळे हा फरक का पडला, हे जाणून घेणे केवळ अभ्यासकांच्या कामाचे नाही.

मिळेल ते जाळणारा स्नायू

हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. प्रत्येक ठोक्याला लागणारी ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूतून मिळते. हृदयात एका वेळी असलेला एटीपीचा साठा जेमतेम काही सेकंदांच्या कामाला पुरेल एवढाच असतो, म्हणून तो अखंड नव्याने घडवावा लागतो. दिवसभरात हृदयात घडणाऱ्या आणि मोडणाऱ्या एटीपीचे एकत्र वजन केले तर ते सुमारे सहा किलो भरेल, असा हिशेब मांडला जातो. हृदयाचे स्वतःचे वजन साधारण तीनशे ग्रॅम असते, हे लक्षात घेतले म्हणजे या उलाढालीचा वेग कळतो.

हृदय साखर वापरते, हे विसाव्या शतकाच्या आरंभीच सिद्ध झाले होते. फ्रँक लॉक आणि ओटो रोझेनहाइम यांनी १९०७ मध्ये लंडनमध्ये शरीराबाहेर काढलेल्या सस्तन प्राण्याच्या हृदयातून ग्लुकोजयुक्त द्रावण फिरवले आणि त्यातील ग्लुकोज कमी होत जाते, हे मोजून दाखवले. त्यानंतर चारच वर्षांनी, १९११ मध्ये, एक्झेटर येथील आर्थर गाउल्स्टन या डॉक्टरांनी काही प्रकारच्या हृदयरोगांत उसाची साखर खायला देण्याचे फायदे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांडले. तेव्हा इन्सुलिनचा शोध लागायचा होता आणि हृदयाचा आलेख काढण्याचे यंत्रही नवे होते. साखरेने हृदयाला बळ येते ही समजूत आजीबाईच्या बटव्यातच नव्हे, तर नामांकित वैद्यकीय नियतकालिकातही वावरत होती, एवढे यावरून दिसते.

पण निरोगी हृदयाचे मुख्य अन्न साखर नाही. अमेरिकेतील रिचर्ड बिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० च्या सुमारास माणसाच्या हृदयाकडून परतणारे रक्त ज्या शिरेतून वाहते, तिथपर्यंत बारीक नळी नेऊन रक्ताचे नमुने घेतले. हृदयात शिरणारे रक्त आणि तेथून बाहेर पडणारे रक्त यांतील फरकावरून हृदय काय खाते, याचा ताळेबंद मांडता आला. त्यातून आणि पुढील संशोधनातून चित्र स्पष्ट झाले. विश्रांतीच्या, उपाशीपोटीच्या अवस्थेत हृदयाची निम्म्याहून बरीच अधिक ऊर्जा मेदाम्लांतून येते. उरलेली ग्लुकोज, रक्तातील लॅक्टेट आणि थोड्या प्रमाणात कीटोन यांतून मिळते. जेवणानंतर इन्सुलिन वाढले की ग्लुकोजचा वाटा वाढतो, धावपळ केली की स्नायूंतून आलेले लॅक्टेट हृदय आनंदाने वापरते, आणि उपास लांबला की ते कीटोनकडे वळते. मिळेल ते जाळण्याची ही लवचीकता हृदयाचे मोठे बलस्थान आहे.

या इंधनांत आपसांत स्पर्धाही असते. केंब्रिजचे फिलिप रँडल आणि त्यांचे सहकारी यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले, की रक्तात मेदाम्ले वाढली की पेशीतील ग्लुकोजचे ज्वलन मागे पडते. उलट, ग्लुकोज आणि इन्सुलिन भरपूर असले की मेदाचे ज्वलन मंदावते. एकाचा दरवाजा उघडला की दुसऱ्याचा लोटला जातो. पुढच्या साऱ्या उपचारांची कल्पना या एका निरीक्षणावर उभी राहिली.

त्यात आणखी एका हिशेबाची भर पडली. वजनाच्या मानाने मेद हे ग्लुकोजपेक्षा कितीतरी दमदार इंधन आहे, पण ते प्राणवायू अधिक खाते. खर्च झालेल्या प्राणवायूच्या प्रत्येक रेणूमागे मिळणारे एटीपी मोजले, तर ग्लुकोज मेदाम्लांपेक्षा साधारण दहा ते बारा टक्के किफायतशीर ठरते. प्राणवायू मुबलक असताना या दहा-बारा टक्क्यांना कोणी विचारीत नाही. तो थेंबाथेंबाने येऊ लागला, की हाच फरक मोलाचा वाटू लागतो.

रक्त थांबल्यावर पहिल्या तासात

धमनी बंद झाल्यावर स्नायूतील प्राणवायू काही सेकंदांत संपतो. पेशीतील ऊर्जाकेंद्रे, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, काम थांबवतात. मिनिटभराच्या आतच तो भाग आकुंचन पावणे जवळपास बंद करतो. हा एक प्रकारचा शहाणपणाच आहे, कारण ठोका देणे हाच ऊर्जेचा सर्वांत मोठा खर्च असतो आणि तो थांबला की शिल्लक थोडी लांबते.

आता ग्लुकोजची पाळी येते. पेशीद्रवात दहा टप्प्यांनी होणाऱ्या विघटनाला ग्लायकोलिसिस म्हणतात. त्याच्या अखेरीस ग्लुकोजच्या एका रेणूपासून पायरुवेटचे दोन रेणू तयार होतात आणि हाती निव्वळ दोन एटीपी पडतात. प्राणवायू असता तर हेच पायरुवेट मायटोकॉन्ड्रियात जाऊन पूर्ण जळाले असते आणि एकूण तीस ते बत्तीस एटीपी मिळाले असते. म्हणजे हा सौदा पंधरापट तोट्याचा आहे. पेशीत साठवलेल्या ग्लायकोजेनपासून सुरुवात झाली तर दोनाऐवजी तीन एटीपी मिळतात. म्हणून पेशी प्रथम या घरच्या साठ्यावर हात टाकते. सोबतच ग्लुकोज आत घेणारी वाहक प्रथिने पेशीच्या आवरणाकडे सरकतात आणि बाहेरचे ग्लुकोज अधिक वेगाने आत ओढले जाऊ लागते.

दोन-तीन एटीपींनी हृदय धडधडत राहू शकत नाही. त्यांचे काम वेगळे आहे. प्रत्येक पेशीच्या आवरणावर सोडियम बाहेर फेकणारे आणि पोटॅशियम आत घेणारे पंप असतात. कॅल्शियमलाही जागच्या जागी ठेवावे लागते. हे पंप थांबले तर पेशी फुगते, आत कॅल्शियम भरते आणि अखेरीस आवरण फाटते. ग्लायकोलिसिसमधून मिळणारी तुटपुंजी ऊर्जा या पंपांच्या कामी प्राधान्याने येते, असे अनेक प्रयोगांतून सूचित झाले आहे. घराचा सारा वीजपुरवठा गेल्यावर इन्व्हर्टरवर एखादा दिवा जळावा, तसा हा प्रकार आहे.

येथपर्यंतचे वाचून ग्लुकोज वाढवा म्हणजे झाले, असे कोणालाही वाटेल. अडचण पुढे आहे, आणि बहुतेक लोकप्रिय लेखांत तिच्याकडे दुर्लक्ष होते. प्राणवायू कमी पडणे आणि रक्तपुरवठा बंद पडणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या अवस्थेत रक्त वाहतच असते, फक्त त्यात प्राणवायू नसतो. ग्लुकोज येत राहते आणि तयार झालेले लॅक्टेट व आम्ल वाहून नेले जाते. दुसऱ्या अवस्थेत प्रवाहच तुटलेला असतो. चुलीत नवे लाकूड सारता येत नाही आणि साचलेली राखही ओढून काढता येत नाही.

हा फरक १९७३ मध्ये मायकेल रोव्हेटो, जेम्स नीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील हर्शी येथे उंदराच्या हृदयावर मोजून दाखवला. केवळ प्राणवायू काढून घेतलेल्या हृदयात ग्लायकोलिसिस जोरात वाढले. प्रवाहच तोडलेल्या हृदयात ते सुरुवातीला उसळून नंतर मंदावले. साचलेले लॅक्टेट आणि आम्लता यांमुळे ग्लायकोलिसिसच्या वाटेवरचे एक महत्त्वाचे विकर दबले गेले होते. म्हणजे ज्या क्रियेने पेशी तगते, तिच्याच उत्सर्जिताने ती क्रिया गुदमरते. आम्लता आणखी एक घात करते. पेशी ते आम्ल बाहेर टाकण्यासाठी सोडियम आत घेते, मग ते सोडियम बाहेर काढण्यासाठी कॅल्शियम आत येते, आणि कॅल्शियमच्या या भाराने प्रवाह परत सुरू होताना स्नायूला मोठी इजा होऊ शकते.

माणसाची बंद धमनी बहुधा या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी असते. शेजारच्या वाहिन्यांतून थोडे रक्त झिरपत असते. ते किती झिरपते, यावर ग्लुकोजचा उपयोग होईल की अपाय, हे बरेचसे ठरते. गाभ्यातील स्नायूला त्याचा लाभ कमी, कडेच्या पट्ट्याला अधिक.

वेळेचा हिशेब कीथ रीमर आणि रॉबर्ट जेनिंग्ज यांच्या १९७७ च्या प्रयोगातून मिळतो. कुत्र्यांच्या हृदयधमनीला त्यांनी ठरावीक वेळ चिमटा लावून मग तो सोडला. चाळीस मिनिटांनी प्रवाह परत सुरू केला तेव्हा धोक्यातील भिंतीच्या जाडीपैकी सुमारे ३८ टक्के स्नायू मेला होता, तीन तासांनी ५७ टक्के आणि सहा तासांनी ७१ टक्के. मृत्यू आतल्या थरापासून बाहेरच्या थराकडे लाटेसारखा सरकत जातो, हे त्यातून कळले. माणसात ही गती सामान्यतः काहीशी मंद असते, पण दिशा तीच.

मेक्सिकोतील द्रावण

या ज्ञानाचा बराचसा भाग उपलब्ध होण्याआधीच उपचार सुरू झाला होता. मेक्सिको सिटीच्या राष्ट्रीय हृदयविज्ञान संस्थेतील देमेत्रिओ सोदी पायारेस यांनी १९६२ मध्ये झटका आलेल्या रुग्णांना शिरेतून ग्लुकोज, इन्सुलिन आणि पोटॅशियम यांचे मिश्रण दिल्याचे अनुभव प्रसिद्ध केले. हृदयालेखातील इजेच्या खुणा त्यामुळे लवकर निवळतात, असे त्यांचे निरीक्षण होते. त्यांचा भर ग्लुकोजपेक्षा पोटॅशियमवर अधिक होता. इजा झालेल्या पेशीतून निसटलेले पोटॅशियम आत परत गेले, की तिचा विद्युत समतोल सावरेल, आणि ते आत नेण्यासाठी इन्सुलिन व ग्लुकोज हवे, अशी त्यांची मांडणी होती. त्यामुळे या मिश्रणाला ‘ध्रुवीकरण द्रावण’ म्हटले जाऊ लागले. इंग्रजी आद्याक्षरांवरून आज ते ‘जीआयके’ या नावाने ओळखले जाते.

केपटाऊनचे लायोनेल ओपी यांनी यामागचा अर्थ बदलला. एडिंबरो येथील मायकेल ऑलिव्हर आणि सहकाऱ्यांनी १९६८ मध्ये दाखवले होते, की झटक्यानंतर रक्तात मुक्त मेदाम्ले फार वाढलेल्या रुग्णांत हृदयाच्या तालातील धोकादायक बिघाड आणि मृत्यू अधिक आढळतात. वेदना आणि भीतीने शरीरात ॲड्रिनॅलिनसारखी संप्रेरके उसळतात, ती मेदाच्या साठ्यातून मेदाम्ले मोकळी करतात, आणि प्राणवायूला मोताद झालेल्या स्नायूवर नेमके जास्त प्राणवायू मागणारे इंधन येऊन आदळते. इन्सुलिन ही मेदाम्ले झपाट्याने कमी करते. तेव्हा मिश्रणाचा खरा लाभ ग्लुकोज वाढण्यात जेवढा, तेवढाच मेदाम्ले घटण्यात आहे, असे ओपी यांचे म्हणणे होते.

शास्त्रीय चाचणीत मात्र पहिला घास कडू लागला. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १९६८ मध्ये ९६८ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले; मृत्युदरात फरक पडला नाही. त्या चाचणीत ग्लुकोज आणि पोटॅशियम तोंडाने दिले होते आणि मात्राही कमी होती, त्यामुळे समर्थकांनी तिला नीटशी कसोटी मानले नाही. पुढे अमेरिकेत चार्ल्स रॅकली आणि इतरांनी शिरेतून जास्त मात्रेचे मिश्रण वापरले. पण गुठळी विरघळवणारी औषधे आली, ॲस्पिरिनचा उपयोग सिद्ध झाला आणि स्वस्त, पेटंट नसलेले हे द्रावण मागे पडले. त्याच्यामागे पैसा लावायला कोणतीही औषध कंपनी उभी नव्हती, ही तक्रार तेव्हापासून ऐकू येते आणि ती अगदी निराधार म्हणता येणार नाही.

आशा पुन्हा जागी झाली ती १९९० च्या दशकात. स्वीडनमध्ये मधुमेह असलेल्या ६२० रुग्णांवरील ‘डिगामी’ चाचणीत इन्सुलिन-ग्लुकोज आणि नंतर इन्सुलिनची इंजेक्शने घेणाऱ्यांत वर्षभरातील मृत्यू २६ टक्क्यांवरून सुमारे १९ टक्क्यांवर आल्याचे १९९५ मध्ये जाहीर झाले. दोन वर्षांनी फर्झिन फत-ओर्दुबादी आणि केव्हिन बीट यांनी जुन्या नऊ चाचण्यांतील १,९३२ रुग्णांची आकडेवारी एकत्र केली. रुग्णालयातील मृत्यू नेहमीच्या उपचारांत २१ टक्के आणि मिश्रण घेणाऱ्यांत १६.१ टक्के निघाले. १९९८ मध्ये लॅटिन अमेरिकेतील ४०७ रुग्णांच्या प्राथमिक चाचणीनेही, धमनी उघडलेल्या रुग्णांत, मोठ्या लाभाची चाहूल दिली. पोलंडमधील ९५४ रुग्णांवर कमी मात्रेत केलेल्या चाचणीने १९९९ मध्ये मात्र उलटा सूर लावला. तिथे एकूण मृत्यू मिश्रण घेणाऱ्यांतच अधिक होते. तरी त्या काळातील लेखनात उत्साहच अधिक जाणवतो. काही रुपयांत मिळणारे द्रावण, विकसनशील देशांतील छोट्या रुग्णालयांनाही परवडणारे, आणि दर वीस रुग्णांमागे एकाचा जीव वाचवण्याची शक्यता! एवढ्या मोठ्या आश्वासनाची मोठी परीक्षा घेणे भागच होते.

ती परीक्षा ‘क्रिएट-एक्ला’ या नावाने झाली आणि तिचे निष्कर्ष जानेवारी २००५ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आले. २०,२०१ रुग्ण, अनेक देश, आणि त्यांत भारत व चीन यांचा मोठा सहभाग. एका गटाला २५ टक्के ग्लुकोज, इन्सुलिन आणि पोटॅशियम यांचे जास्त मात्रेचे मिश्रण चोवीस तास दिले गेले, दुसऱ्याला केवळ नेहमीचे उपचार. तीस दिवसांतील मृत्युदर नेहमीच्या उपचारांत ९.७ टक्के होता, मिश्रण घेणाऱ्यांत १०.० टक्के. हृदय बंद पडणे, रक्तदाब कोसळणे, पुन्हा झटका येणे, यांपैकी कशातच फरक नव्हता. त्याच वर्षी १,२५३ रुग्णांच्या ‘डिगामी २’ चाचणीनेही पहिल्या डिगामीचा लाभ पुन्हा दाखवला नाही.

दोन वर्षांनी या माहितीत दुसऱ्या एका चाचणीतील रुग्ण मिळवून जवळजवळ २३ हजार रुग्णांचे विश्लेषण झाले. त्यात पहिल्या तीन दिवसांत मिश्रण घेणाऱ्यांचे मृत्यू थोडे अधिक आढळले आणि त्याचा संबंध रक्तातील साखर, पोटॅशियम आणि शरीरात साचलेले पाणी वाढण्याशी दिसला. इलाजातील ग्लुकोज, पोटॅशियम आणि ते वाहून नेणारे पाणी, प्रत्येकाने आपापला भार टाकला असावा.

प्रयोगशाळेत काम करणारी गोष्ट येथे का फसली, यावर मतभेद आहेत. सर्वांत पटणारे कारण वेळेचे आहे. उंदराच्या हृदयाला प्रवाह तुटण्याआधी किंवा लगेच ग्लुकोज मिळते. रुग्ण मात्र रुग्णालयात येईपर्यंत आणि बाटली जोडली जाईपर्यंत कित्येक तास उलटतात. तोवर कडेचा वाचण्याजोगा पट्टा एक तर मेलेला असतो किंवा धमनी उघडून वाचलेला असतो. दुसरे कारण असे, की झटक्याच्या वेळी शरीर तसेही साखर वाढवून बसलेले असते, आणि वाढलेली साखर हृदयाला हितकारक नाही हे अनेक निरीक्षणांतून दिसले आहे.

वेळेच्या मुद्द्याची कसोटी हॅरी सेल्कर आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेत घेतली. ‘इमिजिएट’ नावाच्या त्यांच्या चाचणीत बाटली रुग्णालयात नव्हे तर रुग्णवाहिकेतच जोडली गेली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत ९११ रुग्ण होते. मुख्य प्रश्न होता तो संभाव्य झटका पूर्ण झटक्यात बदलण्याचे थांबते का; त्याचे उत्तर नकारार्थीच आले, ४८.७ टक्के विरुद्ध ५२.६ टक्के, म्हणजे फरक योगायोगाच्या कक्षेत. मात्र हृदय थांबणे किंवा रुग्णालयात मृत्यू होणे यांचे एकत्रित प्रमाण ४.४ टक्के होते, तर नुसते द्रावण मिळालेल्यांत ८.७ टक्के. हा आकडा दुर्लक्षण्याजोगा नाही. पण तो दुय्यम निकष होता, रुग्ण मोजकेच होते, आणि एवढ्या आधारावर उपचार सर्वांसाठी स्वीकारता येत नाही. आज झटक्याच्या नेहमीच्या उपचारांत या मिश्रणाचा समावेश नाही. हृदयशस्त्रक्रियेत, जेथे प्रवाह कधी थांबणार हे आधीच ठाऊक असते, तेथे काही केंद्रांवर त्याचा अभ्यास आणि मर्यादित वापर झाला आहे.

बाटली आणि घड्याळ

दवाखान्यात लावली जाणारी ५ टक्क्यांची अर्धा लिटर ग्लुकोजची बाटली म्हणजे पंचवीस ग्रॅम साखर, चहाच्या पाच-सहा चमच्यांइतकी. चाचण्यांतील मिश्रण याच्या पाचपट संहत होते, त्यात इन्सुलिन होते, पोटॅशियम होते, वारंवार रक्त तपासले जात होते, आणि तरीही लाभ सिद्ध झाला नाही. छातीत दुखणाऱ्या माणसाला नुसते ग्लुकोजचे पाणी पाजून किंवा बाटली लावून त्याच्या हृदयापर्यंत काही पोचत नाही, कारण जेथे ते हवे तेथली वाटच बंद असते. त्यात अर्धा तास जातो, आणि अर्धा तास म्हणजे काय, हे रीमर-जेनिंग्ज यांच्या आकड्यांत दिसतेच. हृदय आधीच दुबळे असलेल्या रुग्णाला अनावश्यक पाणी चढवल्याने दम लागण्याचा धोका वेगळा.

एक अपवाद नीट लक्षात ठेवला पाहिजे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला दरदरून घाम फुटला, हात थरथरले, बोलणे अडखळले तर ते साखर उतरल्याचे लक्षण असू शकते, आणि तेव्हा शुद्धीवर असलेल्या माणसाला साखर देणे योग्यच. घाम दोन्ही प्रसंगी येतो, म्हणून घरातील ग्लुकोमीटरने साखर पाहण्याला एक मिनिट पुरते. साखर ठीक असेल आणि छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावून ईसीजी होईल अशा ठिकाणी पोचणे हाच मार्ग. मधुमेहींना आणि वयस्क स्त्रियांना झटक्यात छातीत दुखेलच असेही नाही. नुसता दम, मळमळ किंवा अचानक गळून जाणे एवढेच दिसू शकते. गोव्यात आरोग्य केंद्रांतून ईसीजी तज्ज्ञांकडे पाठवून, गरज असल्यास गुठळी विरघळवणारे औषध तेथेच देऊन रुग्णाला बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात हलवण्याची ‘स्टेमी’ योजना २०१८ च्या अखेरीपासून राबवली जात आहे. त्यामागचा हेतू प्रवाह लवकरात लवकर सुरू करणे हाच आहे. प्रवाह सुरू झाला की ग्लुकोज आपसूक येते.

मेदाचा दरवाजा लोटणारी औषधे

ग्लुकोज बाहेरून ओतण्याऐवजी मेदाचे ज्वलन औषधाने दाबले तर पेशी आपोआप ग्लुकोजकडे वळेल, ही कल्पना रँडल यांच्या सिद्धांतातूनच निघाली. ट्रायमेटाझिडीन हे त्यातील सर्वांत परिचित औषध, भारतातही छातीतील जुनाट दुखण्यासाठी दिले जाणारे. ते मेदाम्लांच्या ज्वलनातील एक विकर रोखते, असे मानले जाते. छातीतील दुखण्याच्या तक्रारी त्याने कमी होतात, पण अँजिओप्लास्टी झालेल्या ६,००७ रुग्णांवरील ‘एटीपीसीआय’ चाचणीत, २०२० मध्ये, पुढील मृत्यू किंवा त्रास कमी झाल्याचे दिसले नाही. कंप, ताठरपणा अशी पार्किन्सनसारखी लक्षणे काहींत आढळल्याने युरोपीय औषध नियामक संस्थेने २०१२ मध्येच त्याचा वापर मर्यादित केला होता. अशी लक्षणे असलेल्या वृद्धांनी हे औषध चालू असल्यास डॉक्टरांना तसे सांगितले पाहिजे. पेरहेक्सिलीन नावाचे याच जातीचे जुने औषध यकृत आणि मज्जातंतूंना होणाऱ्या इजेमुळे बहुतेक देशांतून मागे पडले.

जिवंत आणि मृत यांतील फरक ओळखताना

उपचार म्हणून ग्लुकोजचा पाठपुरावा फसला असला, तरी निदानाच्या क्षेत्रात त्याच गुणधर्माने मोठे काम केले. काही रुग्णांच्या हृदयाचा एखादा भाग हलत नाही, पण मेलेलाही नसतो. दीर्घकाळ अपुऱ्या रक्तावर जगताना त्याने आपले काम कमी करून खर्च आवरलेला असतो. मुंबईत जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत काम केलेले हृदयरोगतज्ज्ञ शाहबुद्दीन रहिमतूला यांनी १९८० च्या दशकात ‘शीतनिद्रेतील हृदयस्नायू’ ही संकल्पना रूढ केली. अशा स्नायूत रक्त कमी पोचते, पण ग्लुकोज शोषून घेण्याची ओढ टिकून असते किंवा वाढलेली असते. मेलेल्या स्नायूत दोन्ही नसतात.

हा फरक टिपण्यासाठी ग्लुकोजसारखाच, पण किरणोत्सर्गी फ्लोरीन जोडलेला रेणू शिरेतून देतात. तो पेशीत शिरतो, पहिल्या टप्प्यात अडकतो आणि पेट स्कॅनमध्ये उजळ दिसतो. कर्करोगाच्या तपासणीत वापरतात तोच हा पदार्थ. त्याचे अर्धायुष्य सुमारे ११० मिनिटे असल्याने तो तयार झाल्यावर काही तासांतच वापरावा लागतो. तपासणीपूर्वी रुग्णाला ग्लुकोज प्यायला देतात आणि मधुमेह असल्यास मोजून इन्सुलिन देतात, म्हणजे हृदय मेद सोडून ग्लुकोजकडे वळते आणि जिवंत भाग स्पष्ट उमटतो. सोदी पायारेस यांच्या बाटलीतील दोन घटक येथे चोख काम करतात, कारण येथे रक्ताची वाट अरुंद असली तरी उघडी असते.

लॉस एंजेलिसमधील १९८६ च्या एका अभ्यासात या पद्धतीने जिवंत ठरवलेले बहुतेक भाग बायपासनंतर पुन्हा हलू लागले होते. त्यामुळे स्कॅनवर जिवंत स्नायू दिसला की धमनी उघडायची, असा प्रघात पडत गेला. ब्रिटनमधील ७०० रुग्णांवर केलेल्या ‘रिव्हाइव्ह्ड’ चाचणीने २०२२ मध्ये या प्रघातावरही प्रश्नचिन्ह लावले. हृदय फार दुबळे झालेल्या आणि स्नायू जिवंत असल्याचे तपासणीत आढळलेल्या रुग्णांत, उत्तम औषधोपचारांच्या जोडीला अँजिओप्लास्टी केल्याने मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन रुग्णालयात दाखल होणे कमी झाले नाही. त्यामुळे अशा जुनाट आजारात स्कॅनवरील उजळ डाग पाहून लगेच शस्त्रक्रियेचा निर्णय घेण्याऐवजी औषधे, बायपास आणि अँजिओप्लास्टी यांचा विचार रुग्णागणिक स्वतंत्रपणे केला जातो. ताज्या झटक्यात बंद पडलेली धमनी तातडीने उघडण्याच्या उपचाराशी या चाचणीचा संबंध नाही.